हाताला कळेल असंच यंत्र घ्या: अंध माणसाने स्वतः वापरायची घरगुती उपकरणं कशी निवडावीत

गणपतीत मुंबईहून चाकरमानी गावी येतो तेव्हा आईसाठी काही ना काही घेऊन येतो. हल्ली ते बहुतेक एखादं यंत्र असतं, आणि तेही दुकानातलं सगळ्यात नवं. समोर गुळगुळीत काच, वर आलेलं एकही बटण नाही, बोट टेकलं की दिवा लागतो. आईची नजर काचबिंदूने किंवा साखरेने गेलेली असेल, तर त्या दिवसापासून तिच्या हातचं एक काम जातं आणि सुनेचं एक वाढतं. जुन्या मशीनवर ती निदान स्वतःची लुगडी स्वतः धूत होती.

मी पूर्ण अंध आहे, कुडाळच्या बाजूला राहते. नात्यात, ओळखीत कोणाला यंत्र घ्यायचं झालं की मला फोन येतो. फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते. माझा सगळा हिशोब एका प्रश्नावर चालतो: ह्या यंत्राला हाताने किंवा कानाने सापडेल असं शून्य आहे का? शून्य म्हणजे अशी जागा, जिथून मोजायला सुरुवात करता येते आणि गोंधळ उडाला तर जिथे परत येता येतं. शून्य सापडलं की बाकीचं पाठ होतं. ते नसेल तर यंत्र कितीही महाग असो, दर वेळी कोणाला तरी हाक मारावी लागते.

आधी घरी बसून ठरवायच्या गोष्टी

कुठलं काम स्वतःच्या हाताने करायचं आहे, ते पहिलं ठरवा. "किचनसाठी काहीतरी" असं म्हणून दुकानात गेलात तर दुकानदार त्याला विकायचं ते विकेल. "मला एकटीला भात लावता आला पाहिजे" असं म्हणून गेलात तर गोष्ट वेगळी.

मग वापरणाऱ्या माणसाचा विचार करा. थोडं दिसत असेल, उजेड-अंधार किंवा काळं-पांढरं कळत असेल, तर पांढऱ्या यंत्रावर काळा नॉब मोठी मदत करतो. अजिबात दिसत नसेल तर रंगाचा उपयोग शून्य, फक्त आकार बघायचा. आणि साखरेमुळे नजर गेली असेल तर एक गोष्ट दुकानात जाण्याआधीच तपासा, कारण ती सहसा कोणी सांगत नाही: बोटांच्या टोकांना नीट कळतं का? मधुमेहात पुष्कळांची बोटं बधिर होतात. अशा माणसाला बारीक उठावाची खूण लावून दिली तर ती त्याला लागतच नाही. त्याला मुठीत धरता येईल असा मोठा नॉब हवा, फिरवताना खटक्याचा ठोका मनगटाला जाणवेल असा. शिवाय बधिर बोटांना चटकाही उशिरा कळतो, म्हणून गरम यंत्रांच्या बाबतीत त्याच्यासाठी नियम जास्त कडक ठेवा.

घरात ते यंत्र आणखी कोण वापरणार, हेही विचारा. नॉब कुठे सोडला जातो हा आमच्यासाठी रोजचा प्रश्न आहे. काम झालं की नॉब शून्यावर आणून ठेवायचा, हा नियम डोळसांनी पाळला नाही तर चांगलं यंत्रसुद्धा निकामी.

शेवटी घराची स्थिती. गीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन यांना १६ अँपियरचा प्लग आहे का? टाकी छपराच्या अगदी लगत असेल तर नळाला जोर नसतो, आणि फुल्ली ऑटोमॅटिक मशीन पाण्याची वाट बघत बसतं. वाय-फाय खरंच चालतं का, की पावसाळ्यात चार महिने नुसतं नावाला?

हे झालं की दुकानात फोन करा आणि सरळ विचारा, "नॉबवालं मॉडेल आहे का?" असली मॉडेलं बाहेर मांडलेली नसतात. गोदामात असतात, नाहीतर मागवावी लागतात. कंपनीच्या वेबसाइटवर माहितीपुस्तिका मिळाली तर ती फोनकडून वाचून घ्या. काही पुस्तिका म्हणजे नुसते पानांचे फोटो असतात आणि टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली पडदा वाचून दाखवणारी सोय, तिथे गप्प बसतो. तेव्हा ती फाइल सीइंग एआय किंवा तशाच एखाद्या वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून बघा.

ऑनलाइन सेलमधून मोठं यंत्र घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. फोटोत नॉब दिसतो, पण तो टोकाला थांबतो की गोल गोल फिरतच राहतो ते फोटो सांगत नाही. आणि "मला वापरता येत नाही" हे कारण देऊन फ्रिज-मशीन परत करायला गेलात तर सहसा कोणी ऐकत नाही, परत घेतात ते बिघाड असला तर.

दुकानात काय करायचं

वापरणाऱ्या माणसाने स्वतः जायचं. सोबतीला कोणी असलं तर विक्रेता त्याच्याशीच बोलायला लागतो. "काकी, तुमी बसा, मी ह्येंका दाखयतंय." तेव्हा न रागावता सांगायचं, "माका दाखय. वापरूचा माका असा." आणि हात पुढे करायचा.

मांडलेलं यंत्र पुष्कळदा प्लगला जोडलेलंच नसतं. जोडून द्यायला लावा. विजेशिवाय बघितलेलं यंत्र म्हणजे नुसतं कपाट.

आता सगळ्यात आधी, यंत्र चालू असताना पूर्ण पॅनेलवरून सावकाश हात फिरवा. काही चालू झालं? काही बीप वाजलं? वाजलं असेल तर तिथेच थांबा. टच पॅनेलची खरी अडचण हीच आहे, आणि डोळसांच्या ती पटकन लक्षात येत नाही. आम्हाला बटण शोधायला हात लावावा लागतो आणि ह्या यंत्रांत हात लावणं म्हणजेच बटण दाबणं. शोधता शोधता तीन गोष्टी चालू आणि दोन बंद होऊन जातात. त्यात कोकणातली दमट हवा आणि स्वयंपाकघरातला ओला हात. काचेवर पाण्याचा थेंब असला तरी काही पॅनेलं चळतात.

नॉब असेल तर तो दोन्ही बाजूंना फिरवून बघा. टोकाला अडतो का? अडत असेल तर उत्तम, ते टोकच तुमचं शून्य. अडत नसेल आणि गोल फिरतच राहत असेल तर पुढची परीक्षा घ्या. नॉब कुठेही फिरवून ठेवा, यंत्र बंद करा, पुन्हा चालू करा आणि सोबतच्या माणसाला विचारा, आता कुठल्या प्रोग्रामवर आहे? पुन्हा दुसरीकडे फिरवून तेच करा. दर वेळी यंत्र एकाच जागी परत येत असेल तर तिथून खटके मोजता येतात आणि ते चालेल. मागच्या वेळचं लक्षात ठेवून तिथेच उघडणारं यंत्र डोळसांना सोयीचं वाटतं. आमच्यासाठी त्यात मोजायला सुरुवातच नसते.

नंतर यंत्र चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा, थोडं थांबून परत लावा. आपोआप पुढे चालू होतं, की पहिल्यापासून, की नुसतं उभं राहतं? आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न रोज पडतो, म्हणून उत्तर दुकानातच मिळवायचं.

कान लावा. चालू करताना आणि बंद करताना एकच बीप आहे की वेगवेगळा सूर? काम संपल्यावर वाजतं का, आणि मागच्या पडवीत ठेवलं तर माजघरात ऐकू येईल का? चाइल्ड लॉक असेल तर तो कसा काढायचा ते तिथेच शिकून घ्या. चुकून एखादं बटण जास्त वेळ दाबलं गेलं की लॉक लागतो आणि यंत्र बिघडलं असंच वाटतं. शेवटी साफसफाई: गाळणी, पाण्याचा ट्रे, जाळी हाताने काढून परत बसवून बघा. हे जमलं नाही तर महिन्याभरात परावलंबन मागच्या दाराने घरात येतं.

वॉशिंग मशीन

इथे जास्त वेळ घालवते, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात.

सेमी-ऑटोमॅटिकला लोक नाकं मुरडतात. माझ्या मते कोकणातल्या खेड्यातल्या अंध माणसासाठी पहिला विचार त्याचाच व्हावा. दोन टब, वर साधारण तीन नॉब. एक धुण्याचा टायमर, बहुतेक मॉडेलांत १५ मिनिटांपर्यंतचा, एक सुकवणीचा, ५ मिनिटांपर्यंतचा, आणि तिसरा धुणं हलकं की जोरात किंवा पाणी सोडायचं ते ठरवणारा. टायमर चावीच्या घड्याळासारखा स्प्रिंगवर चालतो. टोकाला अडतो, टिकटिक ऐकू येते, संपला की शून्यावर परत येतो. नॉबची दांडी कुठे आहे त्यावरून किती मिनिटं उरली ते हातालाच कळतं. पाणी नळाला नसेल तर विहिरीवरून बादलीने भरता येतं. आणि टायमर बिघडला तर गावातला फिटर बदलून देतो. फुल्ली ऑटोमॅटिकची पीसीबी, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, गेली तर तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावाहून माणूस येईपर्यंत कपडे हातानेच.

त्याच्या दोन अडचणी आधीच सांगते. वीज गेली की मोटर थांबते, पण स्प्रिंगचा टायमर चालूच राहतो आणि शून्यावर येतो. टिकटिक ऐकू येते म्हणून धुणं चाललंय असं समजायचं नाही, पाण्याचा खळखळाट ऐकायचा. दुसरी अडचण कष्टाची. ओले कपडे उचलून दुसऱ्या टबात टाकावे लागतात, वयस्क माणसाला ते जड जातं. टबात कपडे एका बाजूला साठले तर सुकवणी चालू करताच मशीन धडधडतं. तेव्हा टायमर शून्यावर आणायचा, टब पूर्ण थांबला याची खात्री करायची आणि मगच हात घालून कपडे सारखे करायचे.

कपडे उचलणं झेपत नसेल तर वरून कपडे टाकायचं फुल्ली ऑटोमॅटिक बघा, पण पोट आलेल्या, दाबल्यावर आत जाणाऱ्या बटणांचं. दुकानातली बंद-चालूची परीक्षा इथे फार कामाची. पॉवर दाबल्यावर दर वेळी नॉर्मल प्रोग्रामवर येणारं आणि कपड्यांच्या वजनावरून पाणी स्वतः ठरवणारं मॉडेल मिळालं, तर रोजच्या धुण्याला दोनच बटणं लागतात: पॉवर आणि स्टार्ट. त्या दोघांवर खूण करा, बाकी विसरा. चादरींसाठी वेगळा प्रोग्राम हवा असेल तर प्रोग्रामचं बटण किती वेळा दाबायचं ते मोजून पाठ करा.

समोरून उघडणाऱ्या मशीनचा नॉब बहुधा गोल फिरत राहणारा असतो. क्वचित "बंद" ही ठरलेली जागा आणि हाताला लागणारी दांडी असलेला सापडतो. सापडला तर घ्या, बाकीच्यांना परीक्षा द्यायला लावा.

किनाऱ्याला राहणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. खाऱ्या हवेत पत्र्याचं अंग खालून गंजतं. प्लॅस्टिकच्या अंगाचं मशीन किंवा निदान उंच स्टँड घ्या, आणि ओल्या पडवीत मशीन झाकून ठेवू नका, आत दमट राहतं.

चुलीपाशी

साधी गॅसची शेगडी हे अजूनही आमच्यासाठी उत्तम यंत्र आहे. बटण दाबून डावीकडे फिरवायचं. घड्याळाच्या भाषेत बहुतेक शेगड्यांवर बाराला बंद, नऊला मोठी आच, आणि पुढे सहाकडे नेलं की बारीक. म्हणजे बंदनंतर लगेच मोठी आच येते, हे नव्याने शिकणाऱ्याच्या हातात पक्कं बसवायचं. भांडं आधी बर्नरवर मधोमध ठेवायचं, मग पेटवायचं. समुद्राकडच्या खिडकीतून वारा आला की बारीक आच गुपचूप विझते, म्हणून ज्वाला विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळाली तर तिथे चार पैसे जास्त घाला. गळती नाकाला कळावी म्हणून गॅसमध्ये वास मुद्दाम मिसळलेला असतो. कळली की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या एकाही बटणाला हात नाही, आणि घराबाहेर जाऊन १९०६ ह्या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

इंडक्शनची मला भीती वाटायची त्यापेक्षा ते सोपं निघालं, पण फक्त उठावाच्या बटणांचं. ज्वाला नाही, पदराची काळजी नाही, भांडं उचललं की बंद पडतं. काच मात्र भांड्याच्या उष्णतेने तापलेली राहते. आच मोजायची युक्ती अशी: उणेचं बटण हवं त्याहून जास्त वेळा दाबत राहा, म्हणजे सगळ्यात खालची पायरी येते. तिथून अधिकचं बटण मोजून दाबा. ही युक्ती एसीच्या रिमोटलाही चालते. एसी साधारण १६ अंशांपर्यंत खाली जातो. तिथवर नेलं की १० वेळा अधिक दाबलं की २६. फक्त काही इंडक्शन खालच्या टोकावरून एकदम वरच्या टोकाला उडी मारतात, ते दुकानात दाबून बघा.

भाताचा इलेक्ट्रिक कुकर घ्यायचा तर एकच खाली पडणारी कळ असलेला घ्या. कळ खाली दाबली की शिजतं, झालं की खट्‌कन वर येते. आतलं पाणी संपेपर्यंत तळाचं तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. पाणी संपलं की ते वर चढतं आणि त्या उष्णतेने कळ सुटते. वेळ मोजणं त्यात नाहीच, म्हणून उकडा तांदूळ घातला तरी कुकर त्याच्या गतीने थांबतो. आपण पाणी तेवढं जास्त घालायचं. नऊ-दहा प्रोग्रामचे डिजिटल कुकर आमच्या घरी पेजेला काही कामाचे नाहीत.

मायक्रोवेव्ह दोन नॉबांचा, साधा सोलो. वरचा शक्तीचा, खालचा वेळेचा, संपलं की टिंग. वेळेच्या नॉबवर पहिल्या काही मिनिटांची जागा मोठी आणि पुढची दाटीची असते, तेव्हा १, २ आणि ५ मिनिटांना खुणा केल्या की पुरे. घरात आधीच डिजिटल आला असेल तर त्यावर "क्विक स्टार्ट" शोधा. बऱ्याच मॉडेलांत तो एकदा दाबला की ३० सेकंद, दोनदा दाबला की मिनिट. तो आणि "स्टॉप" एवढ्या दोनच खुणा करा.

मिक्सर बहुतेक सगळेच चालतात. नॉब शून्य, एक, दोन, तीन आणि उलट बाजूला पल्स. खोबरं वाटताना मध्येच बंद पडला तर जळला असं समजू नका. प्लग काढून उलटा करा, तळाला एक छोटं बटण असतं, थोडं थांबून ते दाबलं की सुरू होतो. फ्रिजचा तापमानाचा नॉब आत असावा, दारावरच्या काचेत नको, आणि दार उघडं राहिलं तर वाजणारा असावा. ह्यापलीकडे फ्रिजबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पंप, टाकी आणि वीज

शहरातल्या लेखांत हा भाग नसतो, पण विहिरीवर पंप असलेल्या घरात अंध माणसाचं स्वातंत्र्य इथेच अडतं. पंपाच्या स्टार्टरला हिरवं आणि लाल अशी दोन दाबायची बटणं असतात. कुठलं वर, कुठलं खाली ते एकदा हाताने बघून घेतलं की पुरे. मोटर किती वीज ओढते ते दाखवणारा काटा आम्हाला दिसत नाही, पण पंप कोरडा चालायला लागला की आवाज बदलतो: पाण्याचा भार गेला की मोटर मोकळी, उंच सुरात घुमते. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली की हा आवाज ओळखणं गरजेचं, नाहीतर कोरडा पंप आपोआप बंद करणारं पॅनेल बसवून घ्या.

टाकी भरल्याचं सांगणारा अलार्म इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. काही वाजतात, काही चक्क "टाकी भरली" असं बोलतात. त्याची वायर टाकीत नेमकी किती खोल सोडायची ते बसवणाऱ्याला सांगा. अगदी काठापाशी ठेवली तर तुम्ही बटणापर्यंत पोचेतो पाणी अंगणात. ह्याहून चांगलं म्हणजे फ्लोट स्विच किंवा पातळीवर चालणारा ऑटोमॅटिक कंट्रोलर, म्हणजे धावायलाच नको.

वीज आहे की नाही हे पंख्यावरून, फ्रिजच्या घुमण्यावरून कळतं. दिवा चालू राहिलाय का हे बघायला सीइंग एआयमध्ये उजेड मोजण्याची सोय आहे, उजेड वाढला की सूर चढतो. इन्व्हर्टर घेताना बॅटरी उतरल्याचा आणि भार जास्त झाल्याचा बीप वेगळा आहे का ते ऐकून घ्या. आणि सगळं विजेवर नेऊ नका. २०२० च्या निसर्ग आणि २०२१ च्या तौक्ते वादळांत किनाऱ्यावरच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. गॅस, शिट्टीचा कुकर आणि खवणी त्या दिवसांत कामाला आली.

खुणा कशा करायच्या

खुणा कमी करा. शून्य, रोजचं एक ठिकाण आणि बंद. सगळ्याच बटणांवर ठिपके लावले तर बोटाला एकही सापडत नाही.

टिकली लावायचा सल्ला सगळे देतात. पंधरा दिवस ठीक, मग जुलैत तिचा गोंद सुटतो. बाजारात मिळणारे सिलिकॉनचे चिकटठिपके जास्त टिकतात. कायमच्या खुणेसाठी मी एम-सील वापरते. दोन लगदे सारखे मळून मुगाच्या दाण्याएवढी गोळी दाबून बसवायची, रात्रभर सुकू द्यायची. जागा आधी ओल्या फडक्याने पुसा, कोरडी करा, मग स्पिरिटने पुसा, कारण किनाऱ्यावर प्रत्येक पृष्ठभागावर मिठाचा आणि तेलकट असा बारीक थर असतो आणि त्यावर काही धरत नाही. शक्यतो हे काम पावसाआधी उरका.

नॉबवर खूण करताना दोन जागी करावी लागते: फिरणाऱ्या नॉबच्या टोकावर एक आणि यंत्राच्या अंगावर शून्यापाशी एक. दोन्ही एका रेषेत आल्या की बंद. नुसती नॉबवर केली तर नॉब कुठे बघतोय ते कळतं, पण कशाकडे बघतोय ते कळत नाही.

काचेचं पॅनेल आधीच घरात आलं असेल तर फाइलच्या पारदर्शक प्लॅस्टिक कव्हरचा साचा कापा. बटणांच्या जागी भोकं, बाकी सगळं झाकलेलं, कडा पॅनेलच्या कडांशी बसणाऱ्या. काही पॅनेलं पातळ प्लॅस्टिकमधूनही बोट ओळखतात, म्हणून साचा थोडा जाड हवा. भोक सापडेपर्यंत हात फिरवला तरी काही चालू होत नाही. तापणाऱ्या भागावर मात्र साचा किंवा गोंद अजिबात नको.

ब्रेल येत असेल तर डब्यांना आणि बटणांना पट्ट्या करा. मराठीसह भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ पासून आहे. पण साठीनंतर नजर गेलेल्याला "आधी ब्रेल शिक" असं सांगणं मला पटत नाही. एक ठिपका म्हणजे चालू, आडवी रेघ म्हणजे बंद, एवढं घरातल्या घरात ठरवलं तरी भागतं. तयार साहित्य, म्हणजे पाणी भरल्यावर वाजणारं सूचक, बोलणारी घड्याळं वगैरे, हवं असेल तर मुंबईला वरळीच्या नॅबमध्ये, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडमध्ये, चौकशी करा. मुंबईला कोणी जाणारं असतंच.

बोलणारी यंत्रं आणि अ‍ॅप

अ‍ॅपवर चालणारं यंत्र दाखवताना विक्रेता म्हणतो, "तुम्हाला हे बेस्ट." त्याला म्हणावं, अ‍ॅप माझ्या फोनवर टाक, मी टॉकबॅक लावते. बोट फिरवल्यावर फोन "स्टार्ट", "तापमान" असं बोलतो की नुसतंच "बटण, बटण, बटण" म्हणतो? दुसरं ऐकू आलं तर तिथेच विषय संपला. चांगलं अ‍ॅप असलं तरी यंत्र त्याच्याविना चालायला हवं, कारण एखाद्या अपडेटने आज वाचणारं अ‍ॅप उद्या मुकं होतं.

अलेक्साशी २०१९ पासून हिंदीत बोलता येतं. तिला स्मार्ट प्लग जोडला की आवाजाने चालू-बंद करता येतं, पण कशाला लावायचा ते समजून घ्या. खटक्याने चालू राहणाऱ्या यंत्रालाच तो उपयोगी: गीझर, साधा पंखा, टेबलावरचा दिवा. टच बटणाच्या यंत्राला वीज मिळाली तरी ते नुसतं उभं राहतं, पुढे बटण दाबावंच लागतं. गीझरला १६ अँपियरचाच प्लग घ्या. बहुतेक स्मार्ट प्लग २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवरच चालतात, राउटर बसवणाऱ्याला तसं सांगा. इस्त्रीला आणि शेगडीला हा प्लग लावायचा नाही.

पडद्यावरचं काही वाचायचं असेल तर बी माय आइज उपयोगी पडतं, फोनच्या कॅमेऱ्यातून कोणीतरी स्वयंसेवक बघून सांगतो. मशीनवरचे चौकोनी दिव्यांचे आकडे वाचताना अक्षरं वाचणारी अ‍ॅपं बऱ्याचदा चुकतात, तिथे माणूस बरा.

यंत्र घरी आल्या दिवशी

डेमो द्यायला आलेला मुलगा दहा मिनिटांत निघायच्या तयारीत असतो. त्याला बसवा, चहा द्या. तुमचा हात यंत्रावर, त्याचं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड. "हे दाबा, मग ते" असं चालणार नाही, "डावीकडून तिसरं, दोनदा" असं बोलायला लावा. मग त्याच्यासमोर पहिलं धुणं किंवा पहिला भात स्वतः लावा. नंतर कधी दुरुस्ती झाली तर जाण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या: खुणा खरवडून टाकल्या नाहीत ना, आणि चालू केल्यावर यंत्र पूर्वीच्याच शून्यावर येतं ना. नवा बोर्ड बसला की ते कधी कधी बदलतं.

पैसे आणि पत्र

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. पुष्कळ ठिकाणी वर्षाच्या शेवटी घाईघाईने सगळ्यांना एकसारखी वस्तू वाटून तो संपवतात. म्हणून आधीच लेखी अर्ज द्या, दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत जोडा आणि अर्जात यंत्राचं नाव, "नॉबचं, टच पॅनेल नसलेलं" असं स्पष्ट लिहा. ग्रामपंचायतीकडून पोच घ्या.

कंपनीलाही लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या ४२व्या कलमात रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत यासाठी सरकारने उपाय करावेत असं म्हटलं आहे, आणि ४३व्या कलमात अशा ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीला चालना द्यावी असं. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी निकालात सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीचे न ठेवता बंधनकारक करायला सरकारला सांगितलं. दुकानदारासमोर ही कलमं वाचून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. कंपनीच्या ग्राहक सेवेला मात्र मॉडेलचा नंबर घालून लिहा: कुठलं बटण हाताला लागत नाही, बंद-चालू केल्यावर कुठल्या प्रोग्रामवर येतं, अ‍ॅपमध्ये टॉकबॅक काय बोलतो. बिघाडाची तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल आणि वॉरंटी कार्डाचे फोटो घेतल्या दिवशीच फोनमध्ये यंत्राच्या नावाने साठवून ठेवा. कागद दमट हवेत चिकटतात आणि आपल्याला ते वेगळे ओळखूही येत नाहीत.